सावनदुर्गाचं प्रस्थान

४ फेब्रुवारी
पद्मा बहिणीकडे जयनगरला गेली, त्याला आज महिना. जाताना म्हणाली, "तीस वर्षं त्या साहेबाबरोबर हिंडलात. एकदा माझ्याबरोबर सावनदुर्ग चढा, मग परत येते."
साहेब म्हणजे एडगर विम्पल. १८७४ साली बेंगळूरहून सावनदुर्गला चालत गेला, पुस्तक लिहिलं. वाचक दोन, मी आणि वाळवी. मी त्याचं चरित्र लिहितोय. प्रकरण दुसरं.
रविवारी पद्माला घेऊन निघायचं. फायनल.

७ फेब्रुवारी
विम्पलकडे अकरा हमाल होते. माझ्याकडे दुखरा गुडघा. नवे बूट आणले. स्वल्प चावतात.

९ फेब्रुवारी, सकाळ
गेलो नाही. आमचे पुरोहित भीमाचार्य म्हणाले, मुहूर्त बुधवारचा. बुधवारी नेमका डेंटिस्ट! पण आमच्यात सोय आहे. मुहूर्तावर निघता येत नसेल तर सामानाची एक पिशवी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रस्थान ठेवलं म्हणतात. प्रवास सुरू झाला असं धरतात. फक्त तीन दिवसांत खरंच निघायचं.

१२ फेब्रुवारी
टॉवेल, सुपारी, विम्पलचं पुस्तक. पिशवी जयनगरला ठेवली. दार पद्मानेच उघडलं. कधी निघायचं, विचारलं. उद्या सहाला येतो म्हणालो. हसली. किती दिवसांनी!
टेक्निकली मी निघालो आहे.

१३ फेब्रुवारी
बूट चावले. मेसेज केला, उद्या. तिचं उत्तर, सरी, म्हणजे बरं.

१४ फेब्रुवारी
विम्पलचा रस्ता आधी नकाशावर पक्का करायला हवा. उद्या नक्की, कळवलं. उत्तर नाही. बिझी असेल.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
सकाळी प्रकरण छान जमत होतं, उठवेना. दुपारी जयनगरला गेलो. मेहुणी श्रीविद्या म्हणाली, अक्का तिन्ही दिवस साडेपाचपासून बूट घालून पायरीवर बसत होती, दोन डबे घेऊन. आज सातपर्यंत वाट पाहिली आणि टॅक्सी करून एकटीच गेली.
तेवढ्यात पद्मा आली. बुटांना माती. माझी पिशवी माझ्या हातात दिली.
"तुमचं प्रस्थान वर जाऊन आलं," म्हणाली. "आता मी येणार नाही."
सरी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
घरी पिशवी उघडली. आत माझा डबा. चित्रान्न, लिंबाचा पिवळा भात. शेंगदाणे वेगळ्या पुडीत, मऊ पडू नयेत म्हणून. मला तसेच लागतात. खाताना फार रडू आलं.

१६ फेब्रुवारी, पहाटे ५.३०
बूट घालून जयनगरच्या पायरीवर बसलोय. आज चावत नाहीत.