चौदा-पंधरा पक्का

शहापूर,
२८ मार्च २०१८

जीवनजी,

सप्रेम जय भीम. आमच्या घरी सगळे मजेत हायेत. तुमच्या घरचे आमच्यापेक्षाही जास्त मजेत हायेत असं ऐकून राहिली. बाबाचा खोकला कमी हाय. दुकान बरं चालते. ऊन अजून सोसण्यासारखं हाय. झालं, पत्रात लिहा लागते ते सगळं लिहून झालं.

आता कामाचं. तुमच्यासंगचे केवळरामभाऊ उद्या सकाळी कोक्याच्या जंगलाच्या गेटवर परत जाऊन राहिले. त्यायच्या गाडीत तुमच्या सफारीच्या जिप्सीचा टूल किट पाठवून राहिली. लोखंडी पेटी नाई देत. पेटीत पाने म्हणजे जंगलात बँड पार्टी, रानगवे तुमच्यासाठी थांबतीन काय? म्हणून जुन्या त्रिपालाची गुंडाळी शिवली. एका पान्याले एक खिसा. आई म्हणे, "लोकायच्या पोरी रुमालावर फुलं काढतात." मी म्हटलं, "रुमालात अठरा-एकोणीसचा पाना बसत नाई." आईच्या मते मी एम.ए. केलं न् बापाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसून वाया घालवलं. तिच्यासमोर हे शिवत बसणं म्हणजे तिच्या जखमेवर टाके घालणं, तेही सुतळीनं.

पाने दोन तोंडाचे हायेत, डावीकडून लहान ते मोठे: दहा-अकरा, बारा-तेरा, असे वर वर जा. हात घातला की भेटला पाहिजे, बॅटरी तोंडात धरून शोधा लागू नये. जॅकसंग सागाची फळी देऊन राहिली. तलावाच्या पाळीजवळ नुसता जॅक लावसान तं गाडी वर नाई जात, जॅक खाली जाते. पाइपाचा तुकडा चाकाच्या पान्यावर चढवून दाबाले हाय. त्यावर उभं राहून उड्या माराले नाई. साबणाची वडी पाहून हसू नका, ती आंघोळीची नाई. टाकीले गोटा लागून पेट्रोल झिरपाले लागलं तं तिथं दाबून घासजा, गेटपर्यंत निभते. फॅनचा पट्टा नवा हाय, तार हाय, पंक्चरचं सामान हाय, हात पुसाले बाबाची बनियान हाय. बाबाले सांगतलं नाई.

न् पकड एकदम आतल्या खिशात, वरून दोन बटणं. मुद्दामच. ती तुमच्या हाताले लवकर लागाले नको. बोल्टले सहा कोपरे असतात, जीवनजी. त्या दिवशी अल्टरनेटरचा बोल्ट तुमी पकडीनं फिरवू फिरवू सहाही कोपरे खाल्ले. पट्टा ढिलाच राहिला, गाडी बंद पडली न् ते नागपूरचे पाहुणे अंधार पडेपर्यंत तुमच्यासंग तलावाजवळ बसले. त्यायले बिबट पाहाचा होता, त्यायनं तुमाले पाहिलं.

तिथूनच तं हे सगळं सुरू झालं.

तुमी घरी आले, मले फोन केला न् इचारलं, कोणता पाना पाहिजे होता. तुमी मले पाहाले येऊन गेले त्याले तवा तीन हप्ते झाले होते. मी "विचार करून सांगते" म्हणून दोन्ही घरायले लटकवून ठेवलं होतं. न् तुमचा पहिला फोन आला तो पान्यासाठी. मी म्हटलं, "चौदा-पंधरा. बाकी काही विसरा, चौदा-पंधरा पक्का." तुमच्या फोनचा कानातला आवाज बिघडलेला, म्हणून स्पीकर चालू, न् बाजूले तुमच्या आई मिरच्यायचे देठ खुडत बसलेल्या.

चौदा-पंधरा हा पाना असते हे तुमच्या आईले, बेबीबाईले, कोण सांगणार? त्यायच्या डोळ्यासमोर एप्रिल. आमच्या घरी फोन करून म्हणे, "विमलाबाई, पोरगी केवढी हुशार काढली वो तुमी. चौदाले जयंतीचे पाहुणे गावात राहातेच, संध्याकाळी हळद लावून टाकू, पंधराले लग्न. इतवार बी पडते." दुपारी लाखनीचा हॉल झाला, संध्याकाळी बँडवाला. आई भिजल्या पिठाच्या हातानं माह्याकडे धावत आली, "मायले सोडून सासूले पहिले सांगतलं काय वो?" बाबा जेवता जेवता म्हणे, "चौदा-पंधरा तं पाना असते." बाबाचं कोणी ऐकलं नाई. आमच्या घरी तसंही ऐकत नाई.

दुसऱ्या दिवशी तुमच्या आईनं मलेच फोन केला होता. मी खरं काय ते सांगणारच होती, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

आज केवळरामभाऊनं तुमचा निरोप सांगतला. की तिले म्हणा घाबरू नको, मी शनिवारी घरी जातो न् आईले समजावून हॉल रद्द करतो, तिच्या गळ्यात जबरदस्तीनं काही पडाले नको. वरून केवळरामभाऊ म्हणे, "पोट्टा शरमेनं अर्धा झाला. ताटात भात घेते न् तसाच ठेवते, खा लागते आमाले."

थांबा, फ्यूज ठेवाचे राहिले.

ठेवले.

गिऱ्हाईक आलं नव्हतं. भर दुपार होती, दुकानासमोर कुत्रंही नव्हतं. तुमच्या आईनं साफ इचारलं, "बाई, चौदा-पंधरा न?" त्या कायबद्दल इचारून राहिल्या हे मले समजलं होतं, बाबानं आदल्या राती सांगतलंच होतं. माह्या तोंडातून 'पाना' निघाले पाहिजे होतं. 'हो' निघालं. त्या म्हणे, "पक्कं?" तवा तं विचार कराले टाइम बी होता. मी म्हटलं, "पक्कं."

तुमी मले पाहाले आले तवा मी इचारलं होतं, गाडी बंद पडली तं काय करता? दुसरा असता तं म्हणला असता, दुरुस्त करतो. तुमी म्हटलं, "बोनट उघडतो न् पाहुण्यायले धीर यावा म्हणून हं, हं करतो." माह्या नाकात पोहे गेले. तुमाले वाटलं तिखट झाले, तुमी पाणी आणाले धावले, आमच्याच घरात, न् देवळीतला पाण्याचा गडवा पाडला. 'हो' माह्याजवळ त्याच दिवसापासून होता. एवढ्या लोकायसमोर तो काढावा कसा, हे समजत नव्हतं. तुमच्या आईनं काम सोपं केलं.

पण एक गोठ मले झोपू देऊन नाई राहिली. मले सगळ्यायनं इचारलं, पोरीची पसंती काय. तुमाले कोणी इचारलं? तुमच्या आई म्हणाल्या, "आमच्या पोराले पसंत हाय," न् तुमी खाली पाहून गडवा उचलत होते. म्हणून आता मीच इचारते. तुमी हॉल रद्द कराले निघाले ते माह्यासाठी, का तुमच्यासाठी?

माह्यासाठी असन तं करू नका. तुमच्यासाठी असन तं जरूर करा. मी रुसणार नाई असं लिहाचं ठरवलं होतं, पण रुसीन. किट मात्र तुमचाच राहीन, तो मी जिप्सीसाठी बनवला.

शहापूर तुमच्या वाटेवर नाई हे मले माहीत हाय. भंडाऱ्यावरून लाखनीकडे वळाचं सोडून उलटं या लागते. तरी शनिवारी आईजवळ तोंड उघडाच्या पहिले इकडे ये. 'या' लिहिलं होतं, खोडलं. काउंटरवर बाबा राहातीन, काय पाहिजे म्हणून इचारतीन. सामानाचं नाव घेऊ नको.

माह्यं घे.

तुह्यी वाट पाहून राहिलेली,
रुचिता