पाच हिरव्या अळंब्या

पॅरिस, ९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप लिबुशेताई,

तुझा धाकटा भाऊ हिनेक याचा पॅरिसच्या एका इस्पितळातून आदरपूर्वक नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, कोंबड्या अंडी घालत असतील आणि छपराची गळकी पन्हळ शेजारच्यांनी बदलून दिली असेल, असं धरून चालतो. (दिली नसेल तर आल्यावर मी बोलतो त्यांच्याशी.) इस्पितळ हा शब्द वाचून घाबरू नकोस. मी, ओटाकार आणि ब्लाजेना, तिघेही धडधाकट आहोत. आज सकाळी रक्ताचा अहवाल चांगला आला, आणि आमच्या दातांचा काळेपणाही बराच उतरला आहे. तो कशाचा, ते पुढे येईलच.

आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेलो नाही. माझ्या सदुसष्टाव्या वाढदिवसाच्या जेवणाला, ताटात बदक आणि कोबी वाढलेला असताना, तू चारचौघांत म्हणालीस, "हिनेक, तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. सोमवारचं टेबल सोड, नाहीतर एखाद्याचा जीव घेशील." ताई, एकतीस वर्षं! तुला माहीत आहे तरी लिहितो. एकतीस वर्षं दर सोमवारी नगरपालिकेच्या मागच्या खोलीत मी त्या टेबलाशी बसतो, सगळं गाव जंगलातून टोपल्या भरून आणतं, आणि ही अळंबी खा, ती फेक, हे मी सांगतो. आजवर एकाचंही पोट दुखलेलं नाही. गावात मला मान आहे तो त्या टेबलामुळे. रेल्वेत तिकिटं तपासली म्हणून कुणी मला पाहून टोपी काढत नाही. डोळे गेले असं ठरलं तर मी मागे उरतो तो नुसता एक पेन्शनर. म्हणून रागाच्या भरात मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की मी पाठीवर पिशवी टाकून पॅरिसला जाणार आणि या डोळ्यांनी सगळं बघून येणार.

माझा जुना दोस्त ओटाकार लगेच तयार झाला. (जन्मभर इंजिन चालवलेला माणूस, रूळ जिथवर जातात तिथवर जायला त्याची ना नसते.) तुझ्या मैत्रिणीचं, ब्लाजेनाचं, मात्र नवल वाटलं. शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं उभं राहून पाय सुजलेली ती बाई, तिला पॅरिसचं काय पडलंय? पण तिने पिशवी भरली, आणि ती आमच्या दोघांच्या पिशव्यांपेक्षा जड होती. पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले मांसाचे बेचाळीस काप, कलेजीच्या लगद्याचे डबे, घरचा लसूण, आणि तिघांच्या सपाता. आम्ही उतरलो ते पोरांच्या स्वस्त वसतिगृहात. एका खोलीत दहा खाटा, एकावर एक. आम्ही रीतसर दारात बूट काढले, सपाता घातल्या आणि ओळीने आत गेलो, तर आतल्या पोरांनी आमचे फोटो काढले. ब्लाजेनाच्या वाट्याला वरची खाट आली. ती रोज शिडी चढताना देवाचं नाव घ्यायची आणि उतरताना माझं.

चार दिवस आम्ही शहर पायी पाहिलं. उंच वास्तू खालून पाहिल्या, कारण खालून पाहायला तिकीट नसतं. खानावळींच्या दारावर लावलेले दरफलक ओटाकार मयताची बातमी वाचावी तसे वाचायचा, मग आम्ही बाकावर जाऊन घरचे काप खायचो. पाचव्या दिवशी काप संपले.

तेव्हा मीच म्हणालो, की शहराच्या कडेला एवढं मोठं जंगल आहे, ओक आहेत, परवा पाऊस झालाय, आणि आपण काय इथे उपाशी मरणार? मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर उतरलो. ताई, आत शिरल्यावर तो वास आला, ओल्या पानांचा, आपल्या टेकडीमागच्या रानासारखा, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तासाभरात दगडासारख्या घट्ट तपकिरी अळंब्यांनी पिशवी निम्मी भरली. लोक पळत होते, कुत्री फिरवत होते, आणि एकही माणूस वाकून खाली बघत नव्हता! मग एका ओकखाली मला हिरव्या टोपीच्या काही दिसल्या. हिरव्या म्हणजे आई लोण्यात परतून द्यायची त्याच, असं मी धरलं. गुडघा दुखत होता म्हणून मी मुळाशी न खणता वरूनच कापल्या, आणि विषारीची खूण मुळाशी असते ती जमिनीतच राहिली. जे मी गावातल्या पोराबाळांना एकतीस वर्षं करू नका म्हणून सांगत आलो, तेच मी केलं.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ब्लाजेनाने अंडी फोडली, कांदा परतला. सोलेन नावाची मुलगी तिथे कामाला आहे. तिने पिशवी पाहिली आणि ओटाकारच्या फोनमधल्या भाषांतर करणाऱ्या बाईमार्फत सांगितलं, की आधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात दाखवून आणा, इथे सगळे तसंच करतात. मी ताठ उभा राहिलो. (सपाता घालून जेवढं ताठ राहता येतं तेवढा.) म्हटलं, "तिला सांग, मीच ते दुकान आहे." फोनने याचं काय केलं कुणास ठाऊक. सोलेनने मला दुकानाचा पत्ता लिहून दिला. आम्ही जेवायला बसलो.

ताटं पुसून झाली तेव्हा सोलेन धापा टाकत आली, मागोमाग पांढऱ्या कोटातला दुकानदार. ब्लाजेनाने ओट्यावर कागदात गुंडाळून काही बाजूला ठेवलं होतं, ते त्या पोरीने उचलून त्याला नेऊन दाखवलं होतं. माझ्या हिरव्या, पाच; बाकीच्या आमच्या पोटात गेल्या असं आम्ही धरलं. त्याने तीन उजवीकडे सारल्या, दोन डावीकडे, आणि डावीकडच्यांवर बोट ठेवून मान हलवली. ताई, ती खूण मीही तशीच करतो. त्याचा अर्थ फोनला विचारायची गरज पडली नाही.

रुग्णवाहिकेत ओटाकार माझ्याकडे न बघता म्हणाला, "लेका, मी एकतीस वर्षं तुझ्या शब्दावर खातोय." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इस्पितळात तिघांना पेला पेला भरून पाण्यात कालवलेला काळा कोळसा पाजला, तो पोटातलं विष शोषून घेतो म्हणे. ब्लाजेना निमूट प्यायली, वर तिने दुसरा पेलाही घेतला. मग माझ्या नाकातून नळी घालायला दोघं जण आले, तेव्हा ती खाटेवर उठून बसली.

"थांबवा त्यांना! ओटाकार, फोन दे इकडे. आपण त्या हिरव्या खाल्ल्याच नाहीत. सगळ्या मी काढून ठेवल्या होत्या."

"मग कोळसा कशाला प्यायलीस, बये?" ओटाकार ओरडला.

"एवढ्या लोकांसमोर काय सांगू? की याला दिसत नाही म्हणून?"

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि तरी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी त्या पाच अळंब्या मागून घेतल्या. झाकणाच्या डबीत होत्या. खिडकीशी नेल्या, डोळ्यांजवळ धरल्या, लांब धरल्या. त्यांतल्या दोन जीवघेण्या होत्या. ताई, मला पाचही सारख्याच दिसल्या. मला फार भीती वाटली. मरणाची नव्हे, माझ्या शब्दावर खाऊन आजवर जे जगले ते कसे जगले, याची.

ब्लाजेनाला म्हटलं, डोळे अधू झाल्यापासूनच्या दोन वर्षांत माझ्या टेबलावरून अशा किती गेल्या असतील? ती म्हणाली, "गेल्या, पण नगरपालिकेच्या कोपऱ्यापर्यंतच. तिथे लिबुशे उभी असते ना. प्रत्येकाला गप्पांत गुंतवते, टोपली उलटीपालटी करते आणि विषारी तेवढ्या हळूच काढून घेते. आणि मी इथे पॅरिस बघायला आलेय होय रे? तिनेच पाठवलंय. म्हणाली, तो जिथे जाईल तिथे अळंब्या शोधणार."

शुक्रवारच्या गाडीने परत येतोय. ओटाकार आणि ब्लाजेना तुला नमस्कार सांगतात.

तुझा,
हिनेक

ता. क. – तपकिरी अळंब्या उत्कृष्ट होत्या आणि त्या मीच ओळखल्या होत्या, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. गावात कुणी विचारलं तर एवढंच सांगावं.

ता. क. २ – ऑगस्टमधली शस्त्रक्रियेची तारीख दवाखान्याने पुढे ढकलली असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मीच फोन करून रद्द केली. डोळ्यात कुणी सुरी घालणार याची मला भीती वाटते. तू त्यांना फोन कर, मिळेल ती पहिली तारीख घे, आणि त्या दिवशी माझ्याबरोबर ये. मला एकट्याला जमणार नाही.

ता. क. ३ – गेल्या वर्षी नोव्हेंबरात तू ताप अंगात घेऊन शाल गुंडाळून त्या कोपऱ्यावर उभी होतीस. मी टेबल आवरून येत होतो. सगळ्यांदेखत मी तुला म्हणालो होतो, "घरी जा, ताई, म्हातारपणी चकाट्या पिटायची लाज वाटत नाही?" तू शाल सावरून घरी गेलीस. या सोमवारपासून खोलीत टेबलाशी तू बस. खुर्ची शेगडीजवळ ओढून घे, तिथे ऊब असते. माझी उशी घे, ती पाठीला बरी पडते. कोपऱ्यावर मी उभा राहतो, लोकांना तुझ्याकडे पाठवतो.