पाण्याच्या चहाड्या

सोमवार, ३ मार्च

सांडपाणी चहाड्या करतं! आमच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या स्टाफ क्वार्टर्समधल्या आठ घरांचं पाणी एका टाकीत येतं. तिथे साहेबांनी नवं यंत्र बसवलंय — आधी ओझोन, मग कोळशाचा थर. नेहमीच्या शुद्धीकरणातून निसटणारे औषधांचे बारीक अंश ते पकडतं. यंत्रात जाणारं आणि बाहेर येणारं, दोन्ही पाणी तपासायचं काम माझं. जाणाऱ्या पाण्यात काय नाही — रक्तदाबाची गोळी, दुखण्यावरचं मलम, आणि सगळ्यांनी ‘सोडलेली’ कॉफी.

गुरुवार, ६ मार्च

वरच्या मजल्यावरचे पहिलवान दोन-दोन पायऱ्या चढतात आणि आम्हाला आळशी म्हणतात. आज अंदाजाने खडा मारला — गुडघ्याला मलम लागू पडतंय का? चेहरा पडला. कुणी सांगितलं म्हणाले. म्हटलं, पाण्याने. मग एकेक पायरी चढले. घरी सांगितलं तर दादा पोट धरून हसला. वहिनीला आवडलं नाही. म्हणाली, लोकांना थोडं झाकू दे गं.

मंगळवार, ११ मार्च

फिट येऊ नये म्हणून घेतात त्या गोळीचा अंश सापडला. भारी चिवट — जुन्या शुद्धीकरणाला अजिबात दाद देत नाही. ओझोनपुढे मात्र गारद! साहेबांनी पाठ थोपटली. यंत्राची.

सोमवार, ७ एप्रिल

यंत्रातून बाहेर येणाऱ्या पाण्यात फिटच्या गोळीचा अंश शून्य. साहेब नाचायचेच बाकी होते. पण महिनाभर तो आत जाणाऱ्या पाण्यातही घसरत होता, आणि आज तिथेही शून्य. मग यंत्राने काढलं काय, कपाळ?

कुणीतरी गोळ्या सोडल्यात. डॉक्टरांना न विचारता सोडल्या तर फिट परत येते. आणि आमच्यातले निम्मे लोक उघड्या टाक्यांच्या कडेने काम करतात. चेष्टा सुचेना.

मंगळवार, ८ एप्रिल

जिन्यात चिठ्ठी चिकटवली — ‘पाण्याचा निरोप: फिटच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या बंद केल्यात. कृपया डॉक्टरांना भेटा. नाव विचारणार नाही.’

पहिलवान दारोदार सांगत फिरले की ते आपण नव्हे.

बुधवार, ९ एप्रिल

अजून शून्य.

गुरुवार, १० एप्रिल

वहिनीने चिठ्ठी काढून आणली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. “बंद नाही केल्या. बदलल्या. मूल हवं असेल तर ही गोळी नको, असं डॉक्टरच म्हणाले.”

दादाला लग्नाआधीपासून ठाऊक. मला चार वर्षं एका स्वयंपाकघरात वावरून पत्ता नाही.

नव्या गोळीचं नाव तिने सांगितलं. आमच्या तपासणीच्या यादीत ते नाही. मी घालणारही नाही.