रिकामं उखळ

कुमासी, सोमवार, ३ मार्च
बायको, डुफी, सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला तमालेला गेली. सासूबाईंचा फोन: शनिवारी जेवायला येते, पोरांना घरचं अन्न मिळत नसेल तर दोघांनाही गावी नेईन. मी घाबरलो नाही. फोन हातातून पडला तो घामामुळे.
ठराव: खाणावळ बंद! स्वस्त, झटपट, घरचं जेवण हा प्रत्येक कुटुंबाचा हक्क आहे!

मंगळवार, ४ मार्च
बाजार. टोमॅटोचे वाटे घेणं म्हणजे स्वतःला लुटू देणं. अख्खी पेटी घेतली, निम्म्या भावात. टोमॅटोवाली म्हणाली, "मास्तर, घरात लग्न काढलंय का?" दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

गुरुवार, ६ मार्च
अर्धी पेटी सडली. तिसऱ्या दिवशीही टोमॅटोचंच सूप. अफ्रियेनं (वय अकरा) विचारलं, "बाबा, आजी आजच नाही का येणार?" छातीत धडधड. सुपात आलं जास्त पडलं असावं.

शुक्रवार, ७ मार्च
सासूबाईंना सुपाबरोबर फुफूच लागतं. उकडलेला कसावाचा कंद आणि कच्ची केळी उखळात कांडायची. एकानं मुसळ मारायचं, जरा थांबायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं हातानं गोळा उलटवायचा. दोन माणसांचे श्रम वाया! पुडीतलं तयार फुफूचं पीठ आणलं. दहा मिनिटांत गोळा. अडचण एकच: अंगणातून कांडल्याचा आवाज आला नाही तर सासूबाई ताटाला शिवणार नाहीत.
उपाय सापडला.

शनिवार, ८ मार्च, दुपारी १२
आल्या. पुढच्या खोलीत बसल्यात. पुडीचा गोळा झाकलेला. मी आता अंगणात जाऊन रिकामं उखळ कांडणार. मुसळ जड आहे.

दुपारी ३
पाव तास दणादण कांडलं. सासूबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "जावईबापू, मुसळ एकदासुद्धा थबकत नाही. गोळा उलटवणाऱ्याची बोटं कुठायत? सुपात?" उखळात हात फिरवला. कोरडं ठणठणीत. शिक्षक संघटनेच्या सभा गाजवणारा मी. तोंडातून फक्त "हो, आई" निघालं.

संध्याकाळी ६
पोरं गावी जाणार नाहीत. विजय!
मात्र सासूबाईंची बॅग आतल्या खोलीत गेली. डुफी येईपर्यंत इथेच. रोज कांडायचं ठरलं. म्हणाल्या, "गोळा मी उलटवीन, मुसळ तुम्ही मारा. आणि माझ्या बोटांवर पडलं ना, जावईबापू..."
वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.