रंगूनचा तांदूळ आणि आमचा पटणी

कार्तिक शु. ८, शके १८५३
मामंजी पहाटे गाडी जोडून रत्नागिरीस गेले, दिवेलागणीस परत. तांदूळ जसाच्या तसा गाडीत. दरवर्षी आमचा तांबडा पटणी घेणारे दुकानदार म्हणाले, आगबोटीने रंगूनचा तांदूळ उतरतो आहे, निम्म्या भावात. तुमचा कोण घेणार? वर लाजून शेरभर रंगूनचा बांधून दिला, चव बघा म्हणून. मामंजी एरवी जेवताना गमती सांगतात. आज नाही.

शु. ९
मामंजींनी तोच रंगूनचा शिजवायला सांगितला. पांढराशुभ्र, पण वास म्हणून नाही. मामंजींनी दोनदा वाढून घेतला. "पोट भरतं गो. गरिबाने का घेऊ नये?" हे मात्र पानावरून तसेच उठले.

शु. १२
मासळीवाली सगुणा आली. इतकी वर्षे मासळीच्या बदल्यात तांदूळ नेई. आज पैसे मागितले. रंगूनचा घेतला तर पोरे दोन्ही वेळ भात खातात म्हणाली, एरवी नाचणीच. खोटे नाही तिचे. राग यायला हवा होता, आला नाही.

मार्गशीर्ष व. २
यांच्या चुलतभावाचे मुंबईहून पत्र. गिरणीत जागा आहे, यांनी यावे म्हणतो. हे मामंजींना म्हणाले, पुढल्या साली लावणी नको, गवत वाढू दे, ते तरी विकेल. मामंजी उठून गोठ्यात गेले. मला काय वाटते ते यांनी विचारले नाही. परसात दोघे उगाच शेवग्याच्या शेंगा काढत राहिलो. चार दिवस पुरतील इतक्या.

पौष शु. ५
इस्माईल सुटीवर आलाय. पलीकडच्या वाडीतला, रंगूनच्या बोटीवर खलाशी. लहानपणी आमच्याच मळ्यात खेकडे धरायचा. मामंजींनी विचारले, हा तांदूळ पिकवतो तरी कोण? म्हणाला, तिकडे नदीकाठी एक म्हातारा शेतकरी आहे, त्याच्याकडे एकदा जेवलो. त्यालाही यंदा भाव नाही. मुलगा शेत सोडून रंगूनच्या धक्क्यावर गोणी उचलतो.
"त्याचाही मुलगा गेला?"
मग मामंजींची बराच वेळ त्या म्हाताऱ्याचीच चौकशी. बैल की रेडे, पाऊस किती, बायको आहे का.

पौष व. १
मामंजींनी बियाण्यातले पायलीभर भात काढले. माझ्याकडून पिशवी शिवून घेतली. इस्माईलने ती त्या म्हाताऱ्याला नेऊन द्यायची. म्हटले, त्याला भाताचा काय तोटा? "आमच्यासारखा वास नाही ना त्याच्याकडे." नाव कुणालाच ठाऊक नाही. पिशवीवर शाईने 'रत्नागिरीचा पटणी' एवढेच लिहिले. हे आधी हसले. मग सुतळी आणून तोंड यांनीच आवळले, वाटेत सांडू नये म्हणून दोनदा.

माघ शु. ३
हे आणि इस्माईल एकाच बोटीने मुंबईस गेले. तो तिथून पुढे. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढताना हे म्हणाले, "मिरगाआधी कळवतो." काय, ते नाही. मामंजींनी यांची कॉलर नीट केली, शाळेत धाडायच्या पोराची करावी तशी. परतताना गाडीत आम्ही दोघेच. मामंजी म्हणाले, त्याला मुंबईचं पाणी बाधेल. मी हो म्हटले. माझ्या मनातही तेच होते, की दुसरेच काही...

फाल्गुन शु. १०
यांची दोन पत्रे आली. खोकला झाला होता, आता बरा आहे, खोलीत सात जण, तुझ्या हातचे कुळथाचे पिठले आठवते. शेताबद्दल ओळ नाही. इस्माईलचे काहीच नाही.
आज मामंजींनी रोपांची जागा भाजायला काढली. मी गळलेल्या पानांचा पातेरा ओढून देत होते. धुरात डोळे पुसत म्हणाले, "तो आला नाही तर नांगर कोण धरील गो?"
"मला शिकवा."
बाईने नांगराला हात लावू नये, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही.  घरी आल्यावर मामंजींनी नांगर खाली काढला आणि मूठ माझ्या हाताच्या उंचीला येते का, ते बघत राहिले.