मॅडमची पेटी

३ मार्च, सोमवार

मावशीने मांजर आणलं. मला विचारून? छे! मी या घरात कोण — भाची.

साधंसुधं मांजर नाही. सयामी. अंग सायीच्या रंगाचं, तोंड-कान-पाय-शेपूट काजळात बुडवून काढल्यासारखं, डोळे निळे. आणि आवाज! एखाद्या तान्ह्या बाळाने लाउडस्पीकर गिळावा तसा.

सोबत केंद्रातल्या बाई होत्या. यांच्या केंद्रात लोकांना डोईजड झालेली जातिवंत मांजरं येतात. देखणी म्हणून हौसेने घ्यायची, मग आठवडाभरात कळतं की रूपाबरोबर स्वभावही घरात आलाय. बाईंच्या दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे, आणि सांगतायत कशा — लेकरांचं कौतुक सांगावं तसं. एक बंगाल बोका आहे, तो नळ उघडून पाण्यात खेळत बसतो. एक ॲबिसिनियन आहे, ती कपाटावरून उतरत नाही, जेवणसुद्धा वरच मागवते. 'तुमच्या मावशींना मी पर्शियन दाखवली हो. उशीसारखी पडून असते बिचारी. तर म्हणाल्या, सगळ्यात हट्टी कुठली ती द्या!'

मावशी कवळ्या बनवते. दिवसभर परक्या लोकांचे प्लास्टरचे जबडे घासणाऱ्या बाईला हट्टी मांजर कशाला हवं? विचारलं. म्हणाली, 'घरात दोन हट्टी होत्याच. आता तीन. बघू कोण टिकतं.'

केंद्राचा नियम असा — तीन आठवडे मांजर आमच्याकडे. तिची प्लास्टिकची पेटीही इथेच. शेवटी बाई येणार, पेटी खोलीच्या मधोमध ठेवून दार उघडणार. मांजर आपणहून आत गेलं तर परत नेणार. नाही गेलं तर आमचं.

'आम्ही माणसांना विचारत नाही,' बाई म्हणाल्या.

ते दिसलंच.

४ मार्च, मंगळवार

नाव राणी म्हणे. मी मॅडम म्हणते. माझी खुर्ची गेली.

९ मार्च, रविवार

कादंबरी चालू आहे. म्हणजे मी बसलेय, कादंबरी चालत नाहीये. कथानक नाही, पात्रं नाहीत, पूर्णविराम नाहीत. मावशीने एकदा विचारलं होतं, 'मग आहे काय?' — असल्या वाचकांसाठी मी लिहीत नाही!

दुपारी एक वाजता मॅडम दारात. ओरडा सुरू. वाडग्यात खाणं घातलं — ढुंकून बघितलं नाही. दार लावलं — दाराबाहेर ओरडा. उघडलं तर पायात घुसून, ढोसून ढोसून, मला स्वयंपाकघरात नेलं. गुरं वळवतात तसं. तिथे मावशी ताट वाढून तयारच. मी बसले, पहिला घास घेतला, तेव्हा कुठे मॅडम गप्प. मावशीने ॲप्रनच्या खिशातून तिला सुक्या मासळीचा तुकडा दिला. नुसतं लाडावून ठेवलंय!

'दुपारी एकलाच काय होतं हिला?' मी.

'जातच तशी. ठाम मतांची असतात सयामी. आणि तू खा गुपचूप. मागच्या वर्षीचं आठवतंय ना?'

आठवतंय. लिहिण्याच्या नादात दोन दिवस जेवले नव्हते आणि बसस्टॉपवर चक्कर येऊन पडले. एकदा! एकदाच पडले! मावशीने त्यावरून माझी जन्मभराची लायकी ठरवून टाकलीय.

१० मार्च, सोमवार

मावशी फोनवर, दार अर्धं लोटून. 'म्हणजे एप्रिलपासून खोली रिकामी होईल ना? … नाही, भाचीला अजून सांगितलं नाही. सांगेन. सोपं नाहीये हो ते.'

अस्सं!

'बघू कोण टिकतं' म्हणजे हे होय. मॅडमना खुर्ची दिली, आता खोली देणार. घरात एक हट्टी जास्त झाली आणि ती मी.

ठीक आहे. बघूच कोण टिकतं.

११ मार्च, मंगळवार

पेटी पलंगाखालून ओढून काढली. आत माशाचा डबा उघडून ठेवला. मावशी बाजारात. मॅडम आल्या, हुंगलं, आत गेल्या, चाटूनपुसून बाहेर आल्या.

वा! हुशार जात आहे हो. दोनदा दाखवलं की शिकते. चोवीस तारखेला बाई दार उघडतील आणि ही नवरीसारखी आत जाऊन बसेल. मी काहीच केलं नसेल.

१४ मार्च, शुक्रवार

रिटायर्ड हेडमास्तर कवळी न्यायला आले. संध्याकाळी त्यांचा सत्कार, भाषण होतं. मावशीने फळीवर बघितलं — वरची आहे, खालची नाही. मावशीचा चेहरा प्लास्टरचा.

'माझे दात कुठायत?' हेडमास्तर.

'बहुतेक मांजराकडे,' मी.

अर्धा तास आम्ही तिघं जमिनीवर रांगतोय. मॅडम शिलाई मशीनवर बसून बघतायत, निरीक्षक आल्यासारख्या. शेवटी सापडली. माझ्या बुटात! मावशीने तीनदा धुतली, उकळत्या पाण्याला हात लावला नाही — 'वाकडी होईल गं!' — कसल्याशा औषधात बुडवली, मग दिली. हेडमास्तरांनी ती तिथेच बसवली, चावून बघितली, आणि मॅडमकडे वळून म्हणाले, 'चाळीस वर्षं शिकवलं. मला न घाबरणारी विद्यार्थिनी ही पहिलीच.'

हे कौतुक होतं म्हणे.

पेटीचा क्लास चालू. आता डबा नसला तरी आत जाऊन बसते.

१७ मार्च, सोमवार

प्रकाशकाचा फोन. 'वेगळं आहे. फार वेगळं आहे. पण वाचणार कोण?'

दार लावून घेतलं. मॅडम आधीपासून आत होत्या हे नंतर लक्षात आलं. राग राग करत पहिलं पान मोठ्याने वाचायला लागले — बघू तरी इतकं काय वाईट आहे! तर मॅडम समोर येऊन बसल्या. मी थांबले की त्या बोलतात. मी वाचते, थांबते, त्या बोलतात. दर वाक्याला शेरा. बहुतेक प्रतिकूल. एका ठिकाणी तर चक्क पाठ फिरवली, आणि खरं सांगायचं तर ते पान मलाही कधी पटलं नव्हतं.

पण उठून गेली नाही. तीस पानं! कॉलेजातले मित्र चहा येईपर्यंतसुद्धा टिकले नव्हते.

शेवटी मांडीवर येऊन बसली. जड आहे. पाय बधिर झाले. हलले नाही.

१८ मार्च, मंगळवार

ते पाठ फिरवलेलं पान काढून टाकलं. कुणाला सांगायचं नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी मॅडम दिसेनात. हाक मारली. पेटीतून उत्तर आलं.

अरे देवा.

मी काय करून ठेवलंय!

२१ मार्च, शुक्रवार

शिकवलेलं विसरायला लावतेय. पेटीत संत्र्याच्या साली ठेवल्या, मांजरांना तो वास सहन होत नाही म्हणे. मॅडमनी एकेक साल पंज्याने बाहेर काढली आणि आत झोपल्या. पेटीचं तोंड भिंतीकडे केलं. मॅडमनी ढकलून सरळ केली. पेटी कपाटावर चढवली. आता कपाटावर झोपतात!

हट्टी जात. मला काय माहीत होतं इतकी हट्टी असेल! म्हणजे, सगळ्यांनी सांगितलं होतं.

मावशी दारात उभी राहून बघत होती. 'काय चाललंय गं?'

'साफसफाई.'

'तू?' म्हणाली आणि हसत निघून गेली.

२४ मार्च, सोमवार

बाई साडेबाराला आल्या. पेटी मधोमध ठेवली. दार उघडलं. 'आता कुणी हाक मारायची नाही.'

मॅडम उठल्या. आळस दिला. सरळ आत गेल्या. गोल फिरल्या, बसल्या.

'झालं,' बाई म्हणाल्या आणि दाराच्या कडीला हात घातला.

मी बोंबललेच. 'थांबा! मी शिकवलंय तिला! मी आत मासे ठेवत होते! तिला घालवायला! आता नकोय मला — म्हणजे हवीय!'

बाईंनी मावशीकडे बघितलं. मावशीने घड्याळाकडे. 'माशाचे डबे कोण संपवतंय ते मला माहीत होतं,' ती म्हणाली. 'बाई, जरा बसा. पाणी घ्या. कडी लावू नका एवढ्यात.'

'नियम आहे हो.'

'नियमाप्रमाणे आत गेलीय. नियमाप्रमाणे बाहेर येते का बघू की.'

बसलो. बाईंनी पाणी संपवलं, पदराने तोंड पुसलं, कडीकडे पुन्हा हात नेला.

एक वाजला.

मॅडम बाहेर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि जो काही आवाज लावला! मी जागची हलले नाही तशी पायात घुसल्या. ढोसत ढोसत स्वयंपाकघराकडे.

'ही तर यांनाच ओरडतेय,' बाई म्हणाल्या.

'जेवायला बोलावतेय,' मावशी म्हणाली. 'जा. बस जेवायला.'

बाई रिकामी पेटी घेऊन गेल्या.

२५ मार्च, मंगळवार

खोलीचं विचारलंच शेवटी. मावशी खो खो हसली. ती खोली दंतवैद्यकीय कॉलेजच्या वसतिगृहातली! दुसऱ्या शहरात. मुलांना कवळ्या बनवायला शिकवायला बोलावलंय तिला. दोन वर्षं.

'तीन वेळा नाही म्हटलं त्यांना,' ती म्हणाली. 'या वेळी हो म्हटलं.'

'या वेळी का?'

जबडा घासत राहिली.

मला न विचारता मांजर आणते आणि न विचारता जाते. छान! मी बोलत नाहीये तिच्याशी.

२६ मार्च, बुधवार

बोलले. बॅग भरायला तिला कुणीतरी हवंच होतं.

३ एप्रिल, गुरुवार

मावशी सकाळी गेली. कामाचा ॲप्रन खुंटीवरच विसरली.

घर गप्प. लिहायला बसले. एक वाजता मॅडम दारात. ओरडा. उठले, ताट वाढून घेतलं, पहिला घास घेतला. गप्प झाली. पण बघत होती ती माझ्याकडे नाही — ॲप्रनकडे.

खिशात हात घातला. सुकी मासळी. खिसा भरून.

विसरली म्हणे! आणि म्हणे, 'जातच तशी'!

मॅडमना तुकडा दिला. दुसरा घास घेतला.