फ्रिजच्या खोक्यातला डोंगर

प्रिय चिमणे,

आधी घोटभर पाणी पी आणि मग वाच. तुझी आई कुठल्याही बर्फाच्या डोंगरावर गेलेली नाही. गंमत म्हणून पाठवलेला फोटो पाहून तू फोनवर इतकी चिडलीस की मला मधे बोलायला जागाच ठेवली नाहीस. गुडघे दुखत असताना, कुणाला न सांगता, एकटी डोंगर चढते म्हणजे काय, वगैरे. अगं, तो डोंगर आपल्या जेवणाच्या टेबलावर आहे. तू पाठवलेल्या फ्रिजच्या खोक्यात कोपऱ्यांना थर्मोकोल होतं ना, ते उभं केलं, वरून पावडर चाळली आणि टॉर्च लावला. खालचं तळं म्हणजे काचसामानाला गुंडाळून येतो तो फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद.

खालच्या मजल्यावरच्या फोटोवाल्याने त्याचा जुना कॅमेरा दिलाय. पासपोर्टचे फोटो काढून तो इतका कंटाळलाय की गिऱ्हाईक नसलं की वर येऊन मला शिकवत बसतो. टॉर्च समोरून धरला तर नुसतं थर्मोकोल दिसतं. बाजूने, अगदी खाली धरला की दरी पडते. मिक्सरच्या खोक्याचा वरचा कागद सोलला तर आत नांगरलेलं शेत निघालं. मिक्सर अजून कपाटावरच आहे, रागावू नकोस. शेजारच्या काकू हल्ली कचरा टाकण्याआधी मला दाखवून जातात. बाबा असते तर घराचं भंगारचं दुकान केलंस म्हणाले असते आणि टॉर्च धरायला पहिले तेच उभे राहिले असते. ते गेल्यावर घर खायला उठायचं गं. आता दुपार पुरत नाही.

आणि ऐक, पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन आहे. माझ्या फोटोंचं.

आता मुद्द्याचं. फोन ठेवताना तू म्हणालीस, पुरे झालं एकटं राहणं, इथे तुझी खोली तयार आहे, ते घर विकून टाकू. ऐकून मला भरून आलं. पण मी येणार नाही. हे फोनवर सांगायला गेले तर तू रडशील आणि मी हो म्हणून बसेन, म्हणून लिहितेय. तूच ये, प्रदर्शनाला. येताना माझ्यासाठी काही विकत आणू नकोस. रिकामी खोकी तेवढी आण.

तुझीच,
डोंगर न चढलेली आई